नाना मॅनेजर अडकले त्याची गोष्ट

अध्यक्ष साहेब, धुळ्याहून आलेले भाऊ, पाचोऱ्याची मंडळी, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या बायांनो,

बसा, बसा. माझ्यासाठी उठू नका कोणी. मला या चौथऱ्यावर चढवताना दोन गड्यांची दमछाक झाली. उतरवताना पुन्हा व्हायची आहे, तेव्हा दम राखून ठेवा.

हसलात? बरं झालं. शोकसभेत हसायचं नसतं, मला माहीत आहे. पण नाना मॅनेजरांचं नाव घ्यायचं आणि कोणीच हसायचं नाही, हे मला जमणार नाही. त्यांनाही आवडलं नसतं. समोर माणसं बसलीत आणि तोंडं पाडून बसलीत, म्हणजे नाटक पडलं, असं ते समजायचे.

मी नशिराबादची. मला सगळे अक्का म्हणतात. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीही गुरुजी आजारी पडले म्हणून अर्धीच. चार माणसांपुढे उभं राहून बोलायची सवय नाही. चुलीपुढे बसून बोलायची आहे. त्यातून इथे पुढच्याच खुर्चीवर आबा बसलेत, माझे थोरले दीर. सून म्हणून त्यांच्या घरात आले तेव्हापासून आजपर्यंत मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नाही आणि आवाज वर जाऊ दिला नाही. आबा, आज बोलते. मुभा असावी. हं, मान हलली. की डुलकी लागली? काही का असेना, मी हो धरते.

मघापासून मी ऐकतेय. धुळ्यात नाना गेले, खानदेशात संगीत नाटक गावोगाव नेणारा माणूस गेला, असं भाऊ म्हणाले. खरं आहे. मग सगळ्यांनीच एक शब्द वापरला. त्याग. नानांनी त्याग केला. मुंबई-पुणं सोडून या उन्हाच्या मुलखात राहिले. या मातीवर जीव टाकला.

भाऊ, रागावू नका. तो शब्द मला पटला नाही.

नाना इथे राहिले नाहीत. नाना इथे अडकले.

बोरीच्या काट्याला लुगड्याचा काठ अडकतो ना बायांनो, पुढे ओढलं तर फाटतो, मागे यावं तर वाट तिकडे नसते, तसे अडकले. त्यांना जायचं होतं. शेवटपर्यंत जायचं होतं. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, हे मला मान्य आहे. पण खोटं कशाला बोलायचं? अडकलेल्या माणसाने अडकल्या जागी काय काय करून ठेवलं, ते सांगायला मी उभी राहिले.

देशाला स्वातंत्र्य मिळालं त्या सालची गोष्ट. जळगावला एक संगीत नाटकाची कंपनी आली होती. कंपनीचे मालक स्वतः गायचे. नाना त्यांचे मॅनेजर. मूळचे सांगलीकडचे. तिकडचं ते गोड बोलणं, ‘हं का’, ‘बरं का’. अंगात कोट. आमच्याकडच्या उन्हात कोट! खेळ काही चालले नाहीत. बोलपट आले होते, लोक तिकडे पळत होते. एक दिवस मालकांना मुंबईहून बोलावणं आलं. त्यांनी नटमंडळी गाडीत घातली आणि नानांना सांगितलं, ‘तुम्ही पडद्यांपाशी थांबा. आम्ही तिकडे जागा बघतो आणि तुम्हाला बोलावून घेतो.’

पडदे म्हणजे नाटकाचे, रंगवलेले. गुंडाळून ठेवायचे आणि दोरीने सोडायचे. एक राजवाड्याचा, एक बागेचा, एक रस्त्याचा, एक जंगलाचा आणि एक तुरुंगाचा. नाना पडद्यांपाशी थांबले.

बोलावणं आलंच नाही.

तिकडे देश सुटला, मिठाया वाटल्या, माझ्या पोराने झेंडा म्हणून माझा हिरवा खण पळवला. आणि इकडे हा माणूस पडद्यांच्या गुंडाळ्यांवर बसून राहिला. जळगावची जागा सोडावी लागली तेव्हा आमच्या घरच्यांनी त्यांना नशिराबादला आणलं. आमचा कापसाचा जिन होता, सरकी काढायचा. हंगाम नसला की शेड मोकळी पडायची. तिथे पडदे ठेवले आणि नानांना म्हणाले, ‘राहा चार दिवस.’ नाना म्हणाले, ‘राहतो कसला, निरोप आला की निघालोच.’

पहिल्या दिवशी मी त्यांना कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. त्या माणसाच्या नाकातोंडातून पाणी! मला वाटलं घरची आठवण आली. मी म्हटलं, ‘रडू नका, येईल निरोप.’ ते म्हणाले, ‘अक्का, निरोपाचं नंतर बघू, आधी ताक आहे का?’

आता, पडदे असे गुंडाळून ठेवले की उंदीर लागतात. म्हणून नानांनी ते बाहेर काढले आणि शेडच्या आढ्याला टांगून वाऱ्याला लावले. झालं! गावात बातमी पसरली, जिनमध्ये राजवाडा आलाय. लोक बघायला यायला लागले. नाटक नाही, गाणं नाही, नुसता पडदा बघायला. रानातून येणाऱ्या बाया दुपारची भाकरी सोडायला बागेच्या पडद्यापुढे बसायच्या. म्हणायच्या, इथे गार वाटतं. रंगवलेल्या झाडाखाली गार वाटतं!

नाना हे बघत बसायचे. एक दिवस मला म्हणाले, ‘अक्का, जळगावात आम्ही इतकं गायलो, कोणी आलं नाही. इथे नुसत्या कापडापुढे माणसं हलत नाहीत. निरोप येईपर्यंत काहीतरी करून बघू का?’

निरोप येईपर्यंत. बघा, असं सुरू झालं ते.

गावच्या भजनातले दोन गळे घेतले. पाचोऱ्याहून एक शिंपी दादा आणले, ते बाईचं काम करायचे. पेटी वाजवायला शाळेतले मास्तर. पडदे शेडला लांब पडायचे, म्हणून खालून दुमडायचे. त्यामुळे आमच्या राजवाड्याला जोतं नव्हतं आणि जंगलातल्या झाडांना खोडं नव्हती. कोणाचं काही बिघडलं नाही.

पण पहिल्या खेळाला लोक वैतागले. राजाला मारायला तलवार घेऊन माणूस आला आणि राजा गायला लागला. बराच वेळ गात राहिला. मागून एक जण ओरडला, ‘अरे पय ना! नंतर गाय!’ म्हणजे आधी पळ, गाणं मग. नानांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या खेळापासून पदं लहान केली. आणि पडदा उघडायच्या आधी स्वतः पुढे येऊन सांगायचे, आता राजाला कळलंय की आपला शेवट आलाय, आणि गाणं आहे ते त्याच्या मनातलं आहे, तेवढा वेळ तलवारवाला थांबतो असं समजा. लोकांना हे पटलं. मनातलं आहे म्हटल्यावर थांबलंच पाहिजे. आमच्याकडे लोक समजूतदार आहेत, फक्त आधी सांगावं लागतं.

मग पाचोरा झालं, चाळीसगाव झालं, बैलगाडीत पडदे घालून आजूबाजूची गावं झाली. मला हे सगळं ऐकूनच माहीत. कारण नाटक बघायला आम्ही बाया कुठे जात होतो?

एकदा नाना ओसरीवर येऊन विचारतात कसे, ‘अक्का, बायका नाटकाला का येत नाहीत? आवडत नाही का त्यांना?’

मी म्हटलं, ‘नाना, तुम्ही खेळ ठेवता संध्याकाळी. तेव्हा चुलीवर तवा असतो. तव्याला काय सांगू, मनातलं गाणं चाललंय, थांब?’

त्यांनी दुपारचा खेळ ठेवला. जेवणं आवरली की सुरू, म्हशीची धार काढायच्या वेळेला संपायचा. मुंबईच्या मोठमोठ्या लोकांना सुचलं नसतं. नानांनाही आपणहून सुचलं नाही, पण विचारायचं त्यांना सुचलं.

आता आबा, तुमचा विषय आला. जागे व्हा.

आबा म्हणाले, बाया येतील. पण चारी बाजूंनी बांबूच्या तट्ट्या लावा. येण्या-जाण्याला एकच दार, तेही पुढच्या अंगाला, नाटकाच्या चौथऱ्याजवळ. म्हणजे कोण आलं, कोण गेलं, सगळ्यांना दिसेल. खेळ सुरू झाला की दार सुतळीने बांधायचं, ते बाहेरून. आणि बायांच्या बाजूने जरा जरी गलका झाला तरी बायांचं नाटक कायमचं बंद. नानांनी सगळ्याला हो म्हटलं.

मी चिडले. म्हटलं, ‘आम्ही काय शेळ्या आहोत?’

नाना म्हणाले, ‘अक्का, आत्ता आत तर या. बाहेर कसं पडायचं ते मग बघू.’

आणि इथे मला वन्सं सांगितल्या पाहिजेत. त्या बघा, पहिल्या रांगेत, आबांच्या शेजारी. वन्सं, मान खाली घालू नका, बघू द्या लोकांना. या माझ्या नणंद, आबांची धाकटी बहीण. आमच्याकडे नणंदेला कोणी वन्सं म्हणत नाही. पण माझ्या सासूबाईंचं माहेर लांब वरच्या अंगाचं, त्यांनी ही हाक घरात आणली. आम्ही सगळ्या जावा वन्सं, वन्सं करायला लागलो, ऐकून गडी-माणसं करायला लागली, आणि मग साऱ्या गावात त्यांचं नावच वन्सं पडलं. खरं नाव विचाराल तर आबांनाही आठवून सांगावं लागेल.

वन्संचं लग्न झालं आणि सासर बघायच्या आत कपाळ पुसलं. तेव्हापासून त्या घरात. विहीर, देऊळ, घर. देवळातही कोणी नसेल तेव्हा. कोणाच्या लग्नाला नाही, बारशाला नाही, चार पुरुष उभे असतील त्या वाटेने नाही. घराला भिंती असतात आणि त्यांच्यात माणूस राहतो. वन्संचं तसं नव्हतं. भिंतींना जसे कोनाडे असतात, तशा त्या होत्या.

मी त्यांना म्हटलं, चला नाटकाला. त्या म्हणाल्या, तिथे नारळ फुटतो, मी कशी येऊ? मी म्हटलं, नारळ फुटून झाल्यावर जाऊ. गेलो. सगळ्यात मागच्या कोपऱ्यात त्यांना बसवलं, पुढे मी बसले. माझी रुंदी तुम्ही बघताच आहात. त्या कोणाला दिसणार नाहीत, हे मी पक्कं केलं. दाराला सुतळी बांधली गेली. वर पत्र्याची शेड, बाहेर वैशाखाचं ऊन, आत आम्ही बाया दाटीवाटीने, कडेवर पोरं. आणि तट्ट्यांच्या फटीतून राजवाडा. काय सुख होतं ते! घामाच्या धारा लागल्या होत्या आणि सुख.

पाचोऱ्याचे शिंपी दादा राजकन्या झाले होते. बागेच्या पडद्यापुढे त्यांनी असं काही पद म्हटलं की माझ्या मांडीवरचं पोर रडायचं थांबलं. पद संपलं. त्या दिवशी जळगावहून काही बाबू लोक खेळ बघायला आले होते. त्यांनी शहरातल्या रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या आणि ओरडले, ‘वन्स मोअर! वन्स मोअर!’

आता हे इंग्रजी. म्हणजे गाणं पुन्हा म्हणा. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नशिराबादच्या त्या शेडमध्ये कोणाला माहीत होतं? आम्ही काय ऐकलं?

‘वन्सं, म्होरे! वन्सं, म्होरे!’

वन्सं, पुढे या!

हसा, हसा. आज हसा. त्या वेळी कोणी हसलं नाही.

माझ्या मागून वन्संचा हात माझ्या दंडात रुतला. ‘वहिनी, मले काब्र बलावतस ह्या लोके? मी काय करं?’ जन्मात ज्या बाईला कोणी हाक मारून बाहेर बोलावलं नाही, तिला भरल्या शेडमधले पुरुष ओरडून पुढे बोलावत होते. त्या उठल्या. पळायला. पण पळणार कुठे? मागे तट्टी, बाजूला तट्टी, दार एक, ते पुरुषांच्या तोंडासमोर आणि बाहेरून बांधलेलं. त्यांनी तट्टीच्या बांबूला दोन्ही हातांनी धरलं आणि भिंतीला तोंड करून उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. तट्टी हलायला लागली. बाया कुजबुजायला लागल्या. एकीचं पोर रडलं, मग दुसरीचं.

तट्ट्यांबाहेर गावचे पुरुषही तेच समजले. सगळे वळून तट्ट्यांकडे बघायला लागले. आणि आबा उठले. आबांचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. ‘कोन शे रे तो? आमना घरनी लेकनं नाव भर सभामा घेस?’

ते जळगावचे बाबू बिचारे पांढरे पडले. त्यांना कळेना आपण काय केलं. चार-पाच गडी बाह्या सरसावून त्यांच्याकडे निघाले. शिंपी दादा पदर हातात धरून तसेच उभे. पेटी थांबली. मी आत बसून एवढंच समजले, आता संपलं. बायांचं नाटक बंद. आणि वन्सं? वन्सं आता विहिरीवरही जायच्या नाहीत.

नाना पडद्याच्या दोरीपाशी होते. ते पुढे आले. फटीतून मला दिसत होते. कोट घामाने अंगाला चिकटलेला. आता विचार करा, हा माणूस काय करणार होता? खरं सांगितलं असतं, आबा, हे इंग्रजी आहे हो, तुम्हाला समजलं नाही, तर भर गावात आबांचं हसं झालं असतं. आबांनी ते कधी गिळलं नसतं. नाही सांगितलं तर डोकी फुटत होती.

नानांनी आबांकडे बघितलंच नाही. ते आमच्या तट्टीकडे वळले, दोन्ही हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, ‘वन्सं, लोकांना हे पद पुन्हा ऐकायचं आहे. नाटकाची रीत अशी आहे, ज्या गावात खेळ असतो त्या गावच्या मोठ्या घरातली जी लेक असेल, तिच्या परवानगीवाचून पद दोनदा म्हणायचं नाही. म्हणून सगळे तुम्हाला पुढे बोलावतायत. म्हणू का?’

अशी रीत कुठल्याच नाटकात नाही. त्यांनी ती उभ्या उभ्या काढली. घामाने निथळत, हात जोडून.

बाह्या सरसावलेले गडी होते तिथे थांबले. आबा उभेच. सगळं गाव एका विधवा बाईच्या तोंडातून शब्द यायची वाट बघत थांबलं. अशी वाट कोणी कधी बघितली होती तिची? भाजी काय करू, हेसुद्धा तिला कोणी विचारत नव्हतं.

मी म्हटलं, ‘वन्सं, बोला.’ त्यांनी बांबू आणखी आवळला. मी म्हटलं, ‘बोला हो, नाहीतर आपण इथेच राहू.’

तट्टीला धरूनच, तोंड न वळवता, त्या बोलल्या. आवाज लहान, पण शांततेत सगळ्यांना ऐकू गेला. ‘म्हनू द्या. पन आधी त्या पोरले पानी द्या. कव्हानी उभी शे उनमा.’

त्या पोरीला पाणी द्या! पाचोऱ्याच्या शिंपी दादांना!

सगळी शेड हसली. आधी आबा हसले. हो आबा, तुम्हीच आधी हसलात, मी फटीतून बघितलंय. मग तुम्ही खाली बसलात आणि ओरडलात, ‘ऐकं का? आमना लेकनं सांगं शे. पानी द्या!’ राजकन्या तांब्याभर पाणी घटाघट प्यायली आणि तिने पद पुन्हा म्हटलं. वन्सं उभ्यानेच ऐकत होत्या. पण आता तोंड इकडे होतं.

ही गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळांना अर्धी माहीत आहे. पुढे काय झालं तेही माहीत आहे. ती रीत खानदेशभर झाली. खोटी रीत, पण लोकांना एवढी आवडली की खरी झाली. पाचोऱ्याला, चाळीसगावला, धुळ्याला, जिथे नानांचा खेळ तिथे लोक ओरडले की नाना बायांकडे वळून हात जोडायचे, आणि कोणीतरी म्हातारी परवानगी द्यायची. नशिराबादला तर वन्संवाचून नाटकच सुरू होईना. आबा स्वतः त्यांच्यासाठी बैलांची दमणी जुंपायला सांगायचे. पुढच्या खेळाला वन्सं म्हणाल्या, परवानगी कोणाला देते तेच मला नीट दिसत नाही. म्हणून पुढची तट्टी काढली. मग बाजूची एक गोठ्याला लागली. मग दुसरी. दोन वर्षांत सगळ्या तट्ट्या म्हशींनी खाल्ल्या म्हणा ना. आम्ही बाहेर पडलो.

आणि नाना? तेच तर सांगायचंय.

वर्षं गेली. नानांच्या तोंडी तेच, निरोप आला की निघालोच. चाळीसगावला धुळ्याची गाडी बदलायची असते. हा माणूस आपली गाडी सोडून मुंबईच्या गाडीच्या फलाटावर जाऊन उभा राहायचा. गाडी यायची, जायची. मी एकदा विचारलं, ‘नाना, कोणी यायचंय का?’ म्हणाले, ‘नाही. अजून मुंबईला जाते का, ते बघतो.’

आणि एक दिवस निरोप आला. मालकांनी मुंबईत कंपनी पुन्हा उभी केली होती. त्यांचा माणूस आला, धुळ्याचा खेळ बघून मग सगळं ठरवू म्हणाला. नानांनी कोट धुऊन घेतला. ट्रंक भरली. माझी भाची धुळ्याला असते, म्हणून मी आणि वन्सं दोघी खेळाला गेलो होतो. काय रंगला खेळ! शेवटच्या पदाला लोकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. नाना नेहमीसारखे बायांकडे वळले. पुढे एक आजीबाई होत्या, त्या म्हणाल्या, ‘नको भाऊ. चांगलं म्हटलंस, पण पुढे जाऊ दे. माझी म्हैस खोळंबलीय.’

पद पुन्हा झालं नाही.

खेळानंतर मी नानांचा डबा घेऊन पडद्यामागे गेले. तिथे मालकांचा तो माणूस लालबुंद होऊन उभा. म्हणत होता, ‘गाणं पुन्हा म्हणायचं की नाही, हे आता म्हशीवर ठरणार?’

नाना म्हणाले, ‘इथे ठरतं.’

‘पदं अर्धी केलीत. मध्येच पुढे येऊन गोष्ट सांगता. नाना, मुंबईला हे चालायचं नाही. आम्हाला पडदे हवेत. तुम्ही आता इथलेच झालात.’

नानांनी विचारलं, ‘मालकांना एकदा विचाराल का?’

‘विचारूनच आलोय.’

बायांनो, मी तिथे डबा धरून उभी होते. मला समजलं. आमच्या तट्टीची सुतळी ज्या हाताने सोडली, त्याच हाताने नानांनी स्वतःचं दार लावून घेतलं होतं. आमच्यासाठी जे जे बदललं, ते ते त्यांना तिकडे जायला आडवं आलं.

पडदे जळगाव स्टेशनवर नानांनी स्वतः चढवून दिले. हमालांना सांगत होते, ‘राजवाडा वर ठेवा हो, खाली नको, घडी पडते.’ गाडी गेली. नाना जिनमध्ये परत आले, रिकाम्या आढ्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, ‘अक्का, भाकरी आहे का?’ मी वाढली. ठेचा घातला. त्यांनी ताक मागितलं नाही.

पुढचा खेळ नुसत्या भिंतीपुढे झाला. नाना पुढे आले आणि म्हणाले, हा राजवाडा. आणि मंडळी, आम्हाला तो दिसला. इतकी वर्षं बघितलेला होता, दिसणारच. नानांना दिसला का, ते मी विचारलं नाही.

तुम्ही-आम्ही सगळे त्यांना काय म्हणायचो? नाना, जाता कुठे, तुम्ही आमचेच. किती गोड बोलणं. दाराला कडी घालताना माणूस असंच गोड बोलतो. शेवटच्या आजारात औषधपाण्यासाठी धुळ्याला नेलं, तिथल्या खोलीतही जो तो येऊन तेच म्हणत होता. नाना हसायचे. भला माणूस, कोणाला वाईट वाटू द्यायचे नाहीत.

म्हणून म्हणते, त्याग म्हणू नका. त्याग करणारा आपणहून सोडतो, त्याचं त्याला समाधान असतं. या माणसाला ते नव्हतं. त्याला रोज जायचं होतं, आणि रोज तो इथे उठून आपलं काम नीट करत होता. मला विचाराल तर हे जास्त अवघड आहे. वन्संना विचारा. त्यांना माहीत आहे.

फार बोलले. आता ती शांतता पाळायची ना? उभं राहून पाळतात म्हणे. राहा उभे. मागच्या बायांनो, तुम्हीही, आणि भिंत सोडून जरा पुढे या, पुढे जागा आहे. घड्याळात कोणी बघू नका. पोरं रडली तर रडू द्या. माझे गुडघे आता ऐकायचे नाहीत, मी इथेच बसते.

फक्त एक सांगते आणि गप्प होते. आपल्याकडे निघालेल्या माणसाला ‘जा’ म्हणत नाहीत. ‘या’ म्हणतात. पोरीला सासरी धाडताना, पाव्हण्याला निरोप देताना, मी जन्मभर ‘या’च म्हटलं आहे. आज म्हणणार नाही.

नाना, जा. खुशाल जा.